ऐतिहासिक रीएनॅक्टमेंट करायचंय, खान्देशात राहून सुरुवात कुठून करू?

बोरीकाठ (अमळनेर):

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा, वय २६, नोकरी जळगावला एमआयडीसीत, म्हणजे सुट्टी काय ती रविवारची आणि सणावाराची. युट्यूबवर बाहेरच्या देशातल्या रीएनॅक्टमेंटचे व्हिडिओ बघायची सवय लागलीय, पोलंडमध्ये ग्रुनवाल्डची १४१० सालची लढाई दरवर्षी जुलैत त्याच मैदानावर परत उभी करतात, इंग्लंडात सील्ड नॉट नावाची संस्था १९६८ पासून त्यांच्या सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या लढाया करतेय, आणि करणारी माणसं कोण तर कुणी शिक्षक, कुणी प्लंबर, कुणी रिटायर्ड, पण अंगावरच्या कपड्याचा टाकासुद्धा त्या काळातला. ते बघितलं की वाटतं आपल्याकडे तर पावलापावलावर इतिहास आहे, मग आपण का नाही.

आमच्याकडे शिवजयंतीला १९ फेब्रुवारीला मोठी मिरवणूक निघते, मी त्यात ढोल वाजवतो आणि ती मला मनापासून आवडते, पण वेशभूषा सगळी भाड्याची असते, सॅटिन, जरीची लेस, मागे चेन, आणि रात्री दहाच्या आत दुकानात परत. मला असं काहीतरी करायचंय की जे बघून शाळेतल्या पोराला कळेल की हां, तेव्हा माणूस असा दिसत असेल, असा बसत असेल, असं जेवत असेल.

तर जाणकारांनी सांगा, तलवार कुठून घ्यायची (ऑनलाइन एक बघून ठेवलीय, ऑर्डर करायचीच बाकी आहे), साधारण खर्च किती धरायचा, आणि ग्रुप नसताना एकट्याने सुरू करता येतं का. डोक्यात मावळा करायचं आहे. वाचनाची तयारी आहे, मेहनतीची पण आहे.


सातपुड्याच्या पायथ्याशी (शिरपूर):

राम राम भो, भारी इषय शे. आता सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत लिहितो.

आधी ती तलवार कार्टमधून काढ. का ते हत्यारांवाले दादा खाली सांगतीलच, मी वेगळं कारण सांगतो. तलवारीपासून सुरू केलं की माणूस तलवारीपाशीच थांबतो, फोटो काढले, स्टेटस ठेवलं, संपलं. ह्या छंदात पहिला प्रश्न एकच असतो, मी कोण आहे, कुठल्या गावचा आणि कुठल्या साली. ह्या तिन्हीचं उत्तर एका ओळीत देता आलं की बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं, कापड कोणतं, पायात काय, हातात काय, खिशात काय (खिसाच नसणार, कनवटीला काय ते बघावं लागेल). ‘मावळा’ हे उत्तर फार मोकळं आहे. १६५९ चा की १६७४ चा, पायदळातला की गडावरचा, सह्याद्रीतला माणूस तापीकाठी आला तर कशाला आला?

आता तुझ्या घराजवळचंच बघ. थाळनेर. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, तापीच्या अगदी काठावर, एका बाजूने नदीने किल्ला खात आणलाय. पुढे तो होळकरांकडे होता. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि त्या तहात थाळनेर इंग्रजांना गेलं, कागदावर. पण किल्ल्यातल्या लोकांनी ते काही मानलं नाही. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपची फौज समोर आली, तोफा लागल्या, किल्लेदार बाहेर येऊन ताब्यात गेला, आणि दरवाजात बोलणी चालू असतानाच झटापट झाली, त्यात इंग्रजांचे दोन अधिकारी पडले. मग आत होते नव्हते ते साधारण तीनशे लोक कापून काढले आणि किल्लेदाराला फाशी दिलं. शिबंदीत, म्हणजे किल्ल्याच्या पगारी शिपायांत, अरब शिपाई बरेच होते, त्या काळात खान्देशात अरबांची शिबंदी ठिकठिकाणी होती, त्याच साली मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यात अरबांनीच इंग्रजांना महिनाभर झुंजवलं.

हे सगळं तुझ्यापासून तासा-दीड तासावर घडलंय आणि ह्यातल्या एकाही माणसाला कोणी अजून उभं केलेलं मी बघितलं नाही. किल्लेदार तू होऊ नकोस, पण त्या किल्ल्यात कोणीतरी धान्याचा हिशोब ठेवत असेल ना? दाणागोटा किती आला, घोड्यांना किती गेला, शिपायांचा पगार किती थकला. तो कारकून हो. १८१८, थाळनेर, कोठीवरचा कारकून. झालं एका ओळीत.

कारकुनाचं सामान सांगतो म्हणजे तुला अंदाज येईल. बोरू, दौत, काळी शाई, ओली शाई टिपायला बारीक वाळू, हातकागद, आणि कागद बांधायला रुमाल, जुनी दप्तरं रुमालातच बांधलेली असतात. बोरू तू स्वतः कापायला शिकशील, टोक तिरकं छाटायचं, मधोमध बारीक चीर द्यायची, चीर जास्त खोल गेली की शाई धो धो येते, कमी गेली की कोरडा खरडतो, हाताला अंदाज येईपर्यंत बरेच बोरू वाया जातात आणि ते जाऊ द्यावेत. आणि मोडी, म्हणजे जुन्या दप्तरांची लिपी, शिकावी लागेल. आधी ओळ आखायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, मध्ये हात उचलायचा नाही. एखाद्या कार्यक्रमात मांडी घालून, मांडीवर फळी घेऊन नुसतं मोडीत लिहित बस, पोरं भोवती गोळा होतील आणि स्वतःचं नाव लिहून मागतील. एका पोराला त्याचं नाव मोडीत लिहून दिलं की तो ते पुस्तकात जपून ठेवतो.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे ते बघ. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं, त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद म्हणजे खान्देशचं खरं भांडार. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी जमवलेली जुनी हस्तलिखितं आहेत. तिथे जाऊन आधी फक्त बघ, कागदाचा आकार, समास किती सोडलाय, शाई कशी फिकी पडलीय. हे कुठल्या व्हिडिओत दिसत नाही.


सुईदोरा (जळगाव):

बोरीकाठ भाऊ, कपड्यांचं मी सांगते, मी शिवणकाम करते आणि गेली काही वर्षं शाळांच्या ऐतिहासिक कार्यक्रमांना जुन्या पद्धतीने कपडे शिवून देते.

कापड मांजरपाट किंवा खादी घ्या, पांढरं शुभ्र नको, न धुतलेलं जरा पिवळट असतं ते. घरी आणलं की रात्रभर पाण्यात टाका आणि दोन-तीनदा धुवा, कांजी पूर्ण निघाली पाहिजे आणि आटायचं ते आधीच आटलं पाहिजे, नाहीतर शिवल्यावर बाह्या मनगटाच्या वर जातात. पॉलिस्टर, सॅटिन, वेल्वेट अजिबात नको, एक तर दिसायला लगेच कळतं आणि दुसरं म्हणजे आपल्याकडच्या उन्हात त्यात माणूस उकडून निघतो.

शिलाई हाताची. शिलाई मशीन रुळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला, म्हणजे १८१८ मध्ये मशीनची टीप शक्यच नाही. आता सगळंच हाताने करायला वेळ नसेल तर आतल्या शिवणी मशीनवर मारा आणि बाहेर दिसणारी तुरपाई, गळा, बंद एवढं तरी हाताने करा, मी नवीन माणसाला हेच सांगते, त्यातून हळूहळू सगळं हातावर येतं. चेन, वेल्क्रो, इलॅस्टिक काही नाही. बाराबंदीला आणि अंगरख्याला बंदच असतात, आणि ते कुठल्या बाजूला बांधायचे ह्यालाही रीत होती, साधारणपणे हिंदू डावीकडे आणि मुसलमान उजवीकडे बांधत. म्हणजे तुमचा कारकून आणि शेजारी बसलेला मुसलमान जमादार ह्यांचे बंद समोरासमोर उलट्या बाजूला येतील, लांबून बघणाऱ्याला कळणार नाही पण ज्याला माहितीय तो खूश होईल.

आता एक गोष्ट नीट ऐका कारण भाड्याच्या कपड्यात हीच नसते. काखेत एक चौकोनी तुकडा लावतात, त्याला चौबगला म्हणतात. साधारण चार बोटं लांब-रुंद चौकोन, तिरका फिरवून बाही आणि अंग ह्यांच्या मधे बसवायचा, एक टोक बाहीकडे, एक कमरेकडे. तो असला की हात पूर्ण वर उचलला तरी अंगरखा कमरेतून वर ओढला जात नाही. भाड्याच्या अंगरख्यात तो नसतो म्हणून लाठी फिरवताना काखेत टरकन फाटतो आणि मग पोरं हात अर्धेच उचलतात, आणि बघणाऱ्याला वाटतं ह्यांना खेळता येत नाही. जुन्या शिंप्याने ते सगळं हात चालावा म्हणून शिवलेलं असतं. बसवताना आधी कच्चा धावदोरा घाला, अंगात घालून हात वर करून बघा, मगच पक्कं करा.

रंगाचं पण बघा. पहिला रासायनिक रंग १८५६ चा, त्याच्या आधीचं सगळं झाडापानांचं, मातीचं. निळा नीळीचा, लाल आल नावाच्या झाडाच्या मुळाचा किंवा मंजिष्ठेचा, पिवळा हळद-पळसाचा, काळा हिरडा आणि लोखंडाच्या गंजाचा. हळद उन्हात उडते हे लक्षात ठेवा. तो लाइटसारखा चमकणारा भगवा कुठेच नव्हता. पागोट्याला एक गेरूचा किंवा फिका लाल रंग खूप छान दिसतो. आणि पागोटं डोक्यावर बांधायला शिका, तयार टोपीसारखं चिकटवलेलं नको, गावात अजून फेटा-पागोटं बांधणारे म्हातारे बाबा आहेत, त्यांच्यासमोर जाऊन बसा, ते आनंदाने शिकवतात.

ताई लोक वाचत असतील तर त्यांच्यासाठी, शिवलेली रेडिमेड नऊवारी घेऊ नका, साधं सुती लुगडं नेसायला शिका आणि पुढे गाठ मारायची चोळी शिवा. बायकांची कामं दाखवणारं कोणीच नसतं, जात्यावर दळणारी एक बाई बसवली तरी अख्खा देखावा जिवंत होतो.

खर्च विचारलात तर पहिल्या जोडाला कापडाचाच काय तो खर्च, शिवायला स्वतः बसलात तर बाकी वेळ जातो. माझ्या मते पहिलं वर्ष कपडे, जोडे आणि एक चांगली गोष्ट हातात, एवढंच.


फरीगदका (धुळे):

हत्यारांचं मी लिहितो. मर्दानी खेळ शिकवतो, पोरांना रोज सांगावं लागतं तेच इथे सांगतो.

ऑनलाइन तलवार मागवू नका. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चा, आणि २०१६ च्या नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची तलवार, भाला, खंजीर असली हत्यारं येतात, शेतीची आणि घरकामाची वेगळी. बोथट आहे, शोची आहे म्हणून चालतं असं स्वतःच ठरवू नका, आपल्या ठाण्यात जाऊन विचारा. त्यात सणावाराच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश निघतात, पेपरात येतं बघा, त्यात तलवारी-भाल्यांबरोबर लाठीकाठी पण असते. म्हणजे नेमका मिरवणुकीच्या दिवशी आदेश लागू असू शकतो. कार्यक्रम असेल तर आधी लेखी अर्ज, पोच घ्यायची, वस्तू नेताना बांधून न्यायची, मोटारसायकलवर पाठीला तलवार लावून फिरायचं नाही. पोराच्या नावावर एक केस पडली की नोकरीच्या व्हेरिफिकेशनला तीच आडवी येते.

तोड्याच्या (पेटत्या वातीने उडणाऱ्या) बंदुकीची हौस असेल तर लाकडी दांड्याची नक्कल करा, नळी भरीव. दारू, फटाक्याची पावडर ह्याला हात लावायचा नाही, ह्यात चर्चाच नको.

आणि शिकायचं असेल तर क्रम आहे. आधी पाय. पवित्रे बसल्याशिवाय हातात काही देऊ नये. मग लाठी, मग फरी-गदका, म्हणजे लहान ढाल आणि कातडं चढवलेली काठी, ज्याने वार बसला तरी वळ उठतो, हाड मोडत नाही. पूर्वी तलवारीची तालीम ह्यावरच व्हायची. दांडपट्टा सगळ्यात शेवटी, त्यात मनगट मुठीच्या आत अडकलेलं असतं, पातं लवचिक, मनगट वळत नाही म्हणून सगळा फेक खांद्यातून येतो, नवशिक्या माणसाचा पट्टा स्वतःच्याच पाठीवर येतो. मी दोन वर्षांच्या आत कोणाच्या हातात देत नाही. प्रेक्षक दोरीच्या पलीकडे, लहान पोरं पुढे बसलेली असतील तर फिरवायचंच नाही.

सातपुडाभाऊंचं कारकुनाचं मला एकदम पटलं, हे मी हत्यारवाला असून सांगतोय.


जय शिवराय (चोपडा):

माझं थोडं वेगळं मत आहे. कारकून, कोठी हे ठीक आहे पण लोकांना महाराज माहितीयत, मावळा दिसला की लहान पोराच्या अंगावर काटा येतो, तो कारकुनाला बघून येईल का? आपल्याकडे महाराजांचा इतिहास नाही असं थोडीच आहे. आमचं चोपडा आणि धरणगाव त्या काळच्या मोठ्या पेठा, धरणगावला इंग्रजांची वखार होती, मराठ्यांनी १६७५ ला धरणगाव लुटलं आणि १६७९ ला धरणगाव-चोपडा दोन्ही. मग शिवकाळ सोडून १८१८ ला कशाला जायचं?


सातपुड्याच्या पायथ्याशी (शिरपूर):

दादा, तुम्ही जे सांगितलं ते तर सोन्यासारखं आहे, १६७९ चोपडा. हेच तर मी म्हणतोय, एक साल आणि एक गाव. फक्त एवढ्या लांब मुलुखगिरीला आलेली ती फौज घोडदळाची, म्हणजे तुमचा माणूस बारगीर किंवा शिलेदार. बारगिराला घोडा सरकारातून, शिलेदाराचा स्वतःचा, दोघांच्या सामानात, ऐटीत फरक पडणार. संदर्भ पण आहेत, महाराजांची त्या काळातली गोवळकोंडा शैलीची चित्रं ॲमस्टरडॅमला आणि लंडनला जपलेली आहेत, आणि मनुची ह्या इटालियन प्रवाशाने काढून घेतलेलं एक घोड्यावरचं चित्र पॅरिसला आहे, त्यात महाराजांबरोबर चालणारी माणसंही दिसतात. तिन्ही नेटवर मोठ्या साइजमध्ये बघता येतात, झूम करून पागोट्याचा बांध बघा, जाम्याची (लांब अंगरख्याची) लांबी, कमरेला शेला कसा आवळलाय, पायात काय. कॅलेंडरवरच्या चित्रापेक्षा वेगळं दिसेल. अंगावर काटा तर खरं बघूनच जास्त येतो असा माझा अनुभव.

तुम्ही १६७९ करा, बोरीकाठ १८१८ करू दे. दोन्ही शेजारी शेजारी बसले तर लोकांना जवळजवळ १४० वर्षांत कपडा कसा बदलला ते डोळ्यांनी दिसेल.


बोरीकाठ (अमळनेर):

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तलवार कॅन्सल. कारकून फायनल करतोय, मोडीचं पुस्तक बघायला घेतो आणि सुईदोरा ताई, मांजरपाट ह्याच रविवारी आणतो, चौबगल्याचं मापाचं तुम्हाला फोटो टाकून विचारेन. आजीला बाराबंदीचं विचारलं तर म्हणाली तिच्या आजोबांची होती, बंद कसे गाठवायचे ते तिने हाताने करून दाखवलं.

अजून दोन गोष्टी. घोड्याचं कोणाला माहिती आहे का, म्हणजे पुढे कधीतरी. आणि जेवण, दिवसभर बसायचं तर तिथेच शिजवून खाल्लं तर चालेल ना, काय चालेल काय नाही?


नंदुरबारी (शहादा):

घोड्यासाठी सारंगखेड्याला या. दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरते, डिसेंबरात, लांब लांबून घोडे येतात. विकत घ्यायला येऊ नका, बघायला या. खोगीर, तंग, रिकिबी, लगाम, मोरक्या विकणारे बसलेले असतात, त्यांच्याशी बोला, कातडं कसं कमावतात, टाका कसा मारतात ते विचारा, मोकळे असले की भरभरून सांगतात. बसायला मात्र आधी साध्या कपड्यात शिका. शेला, पागोट्याचा शेमला (मोकळं सोडलेलं टोक) वाऱ्यावर फडफडला की घोडा बुजतो, त्याला ते कपडे आधी नुसते दाखवायचे, वास घेऊ द्यायचा, मग अंगात घालून जवळ जायचं.

एक विनंती. पुढे १८५७ च्या उठावाचा विषय निघेलच, भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक, ११ एप्रिल १८५८ ची आंबापाणीची लढाई, आमच्याकडे हे जिव्हाळ्याचं आहे. ते करायचं मनात आलं तर सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मंडळींना बरोबर घेऊनच करा, त्यांनी सांगितलं तसं. धनुष्यबाण, होळीचा साज हे त्यांच्या घरात आजही चालू आहे, ते दुसऱ्याने फोटोसाठी अंगावर चढवू नये.

जेवणाचं म्हणाल तर चुलीवरची ज्वारीची नाहीतर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा, कांदा, आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत, तेल तिळाचं किंवा करडईचं. बटाटा, टोमॅटो, भरतातले शेंगदाणे, चहा हे सगळं बाजूला. स्टील नको, कल्हईचं पितळ, मडकं आणि पळसाची पत्रावळ. पाण्याची बाटली मात्र गोणपाटाखाली लपवून जवळ ठेवाच, आपल्याकडचं ऊन आहे, आणि मार्चनंतर कार्यक्रम धरूच नका.


सुईदोरा (जळगाव):

मापाचे फोटो टाका भाऊ, कापण्याच्या आधी टाका, कापल्यावर नाही. आणि आजींना त्या बाराबंदीची बाही किती लांब होती, कापड जाड होतं की पातळ, एवढं विचारून ठेवा, जमलं तर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या.


सातपुड्याच्या पायथ्याशी (शिरपूर):

आणि किल्ल्यावर काही करायचं ठरलं तर आधी पाटी बघायची, पुरातत्त्वची निळी पाटी असेल तर केंद्राचं की राज्याचं ते वाचून त्या ऑफिसला अर्ज द्यायचा, ग्रामपंचायतीला कळवायचं. चूल तटाच्या आत पेटवायची नाही, दगडावर खिळा-रंग काही नाही. नुसतं बघायला यायला काही लागत नाही. कापड आणलं की फोन-बिन नको, इथेच लिही, आणि मंग ये थाळनेरले, नदीकडची तटबंदी मी दाखवतो.